‘त्यातच तेवढं टाकून द्या’: व्हॅल्युएशन रिपोर्ट दिल्यानंतर येणाऱ्या मागण्यांचं काय करायचं

घर-जमिनीच्या किमतीचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट पार्टीच्या, म्हणजे काम देणाऱ्याच्या, हातात पडला, बिल चुकतं झालं, की नव्या व्हॅल्युअरला वाटतं काम संपलं. पुण्यात तरी ते तिथं संपत नाही. चार-आठ दिवसांत फोन येतो. "साहेब, रिपोर्ट छान झालाय. फक्त सीए म्हणतायत, त्यातच २००१ ची किंमत पण टाकून द्या." किंवा "मागचं आउटहाउस राहिलं बघा." किंवा "आता बँकेत द्यायचाय, तेवढं नाव बदलून द्या." पार्टी लबाडी करत असते असं नाही. तिला ते काम खरोखरच ‘तेवढं’च वाटत असतं.

नवे लोक अशा वेळी एक तर संबंध बिघडू नयेत म्हणून रात्री फाइल उघडून आकडे घालतात आणि फुकटात नवं पीडीएफ पाठवतात, नाही तर पहिल्याच फोनला "वेगळी फी पडेल" म्हणून मोकळे होतात, मग मागणी स्वतःच्याच टायपिंगच्या चुकीबद्दल का असेना. दोघांच्याही डोक्यात फी असते. माझ्या मते फी ही नंतरची गोष्ट आहे. आधी बघायचं ते हे, की वाढवलेल्या मजकुराखाली तुमची सही कशाच्या जोरावर असेल? त्या नव्या गोष्टीसाठी तुम्ही पाहणी केलीत का, कागद बघितलेत का, तुलनेचे व्यवहार शोधलेत का? याचं उत्तर मिळालं की फी किती आणि रिपोर्ट कोणत्या स्वरूपात, हे आपोआप ठरतं.

पहिली पायरी: फोनवर काहीही कबूल करू नका

ऐकून घ्या. "हो" म्हणू नका, "नाही"ही म्हणू नका. "काय हवंय ते मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, आणि ते कोणाला दाखवायचंय तेही लिहा," एवढंच सांगा. लिहायला बसल्यावर बऱ्याच मागण्या विरतात, कारण नक्की काय हवंय हे पार्टीलाही ठाऊक नसतं.

लिहून आल्यावर मागणीचा उगम शोधा. "सीएंनी सांगितलंय" हे वाक्य पुण्यात "वरून आदेश आहे" अशा थाटात वापरलं जातं. पार्टीची परवानगी घेऊन सरळ सीएंनाच फोन लावा. परवानगी विसरू नका. पार्टीच्या मिळकतीबद्दल तिसऱ्या माणसाशी, मग तो तिचाच सीए असला तरी, परस्पर बोलायचं नसतं. अनेकदा सीएंना फक्त इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या उताऱ्याची, प्रत हवी असते किंवा बांधकामाचं वर्ष. ते रिपोर्टच्या जोडपत्रात आधीच असतं, कोणी तिथपर्यंत उलटून पाहिलेलं नसतं.

दुसरी पायरी: रिपोर्टचं पहिलं पान समोर ठेवा

कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नोंदणीकृत मूल्यनिर्धारक (रजिस्टर्ड व्हॅल्युअर) नियमांमध्ये रिपोर्टात काय असावं याची यादी दिलेली आहे. मिळकतीची माहिती, मूल्यांकनाचा हेतू, नेमणूक कोणी केली, नेमणुकीची तारीख, मूल्यांकनाची तारीख, रिपोर्टची तारीख, कोणती पाहणी केली, माहिती कुठून घेतली, रिपोर्ट वापरण्यावर काय बंधनं आहेत, वगैरे. तुमचं काम त्या कायद्याखालचं नसलं, अगदी घरगुती वाटणीसाठीचं असलं, तरी हीच यादी वापरा. तीन तारखा वेगवेगळ्या लिहायला लावल्या आहेत ते उगाच नाही. नंतरची निम्मी भांडणं तारखेचीच असतात.

आता मागणी या पानावर ताडून बघा. मिळकत, हेतू, मूल्यांकनाची तारीख, कोणत्या प्रकारचं मूल्य, आणि रिपोर्ट कोण वापरणार, यांपैकी एक जरी गोष्ट बदलत असेल तर ते नवं काम. काहीच बदलत नसेल तर तो खुलासा किंवा दुरुस्ती.

खुलासा आणि दुरुस्तीत फार अडकायला नको. गट नंबर चुकला, विंग ‘बी’ऐवजी ‘डी’ पडली, बेरीज चुकली, तर त्याच दिवशी फुकट दुरुस्त करा आणि दुरुस्ती काय केली ते एका ओळीत लिहून द्या. "घसारा किती टक्के धरला आणि का?" असं कोणी विचारलं तर अर्ध्या पानाचं पत्र द्या, तेही फुकट. रिपोर्ट ज्याला समजावा म्हणून लिहिला त्याला तो समजला नसेल तर समजावून सांगणं मूळ फीतच आलं. मात्र समजावताना नवा आकडा देऊ नका.

तिसरी पायरी: ‘तेवढं’ म्हणजे केवढं ते मोजा

खरी गोम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

कोथरूडमधला एक बंगला धरा. वडिलांनी १९८५ मध्ये नवा घेतला. भावंडांना आपसात हिस्से ठरवायचे होते म्हणून तुम्ही आजचं बाजारमूल्य दिलंत. मग घर विकायचंच ठरलं आणि २००१ चं मूल्य हवं झालं. कारण खरं आहे: १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या मिळकतीत भांडवली नफा काढताना मूळ खरेदीच्या किमतीऐवजी त्या तारखेचं वाजवी बाजारमूल्य धरता येतं, आणि वारसाने आलेल्या घरात वडिलांच्या खरेदीची तारीख बघतात. पार्टीच्या नजरेत हा एक जादा आकडा. प्रत्यक्षात मिळकत तीच राहते, पण तारीख बदलते, हेतू बदलतो आणि वाचणारा बदलतो. घरातल्या भावंडांच्या जागी आयकर अधिकारी येतो.

कामाचं बघा. २००१ च्या सुमाराचे त्याच भागातले व्यवहार दुय्यम निबंधकाच्या नोंदींतून शोधायचे. त्या वर्षीच्या रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला, दर त्या विभागासाठी काढायचा, कारण २०२० च्या वित्त कायद्यानंतर जमीन-इमारतीचं हे मूल्य त्या तारखेच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्याहून जास्त धरता येत नाही, जिथे ते उपलब्ध आहे तिथे. मग बांधकाम. आज दोन मजले आहेत, पण वरचा मजला २००८ ला चढवला असेल तर तो २००१ च्या मूल्यात येणारच नाही. महापालिकेच्या कर आकारणीचा उतारा आणि मंजूर नकाशे काढल्याशिवाय हे कळत नाही. इमारतीचं वयही त्या तारखेला सोळा वर्षांचं धरायचं, आजचं नाही. वनाजची मेट्रो २०२२ ला धावली. तिच्यामुळे आलेला भाव २००१ च्या आकड्यात डोकावता कामा नये, आणि आजच्या रिपोर्टवरून उलटा हिशेब करत मागे गेलात तर तो हमखास डोकावतो. हे सगळं ‘एक ओळ’ नाही. स्वतंत्र रिपोर्ट करा, स्वतंत्र फी घ्या.

दुसरा प्रकार पेठांतला, आणि हा जास्त नाजूक. सदाशिव पेठेतला वाडा, आत जुने भाडेकरू, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेले. तुम्ही आहे त्या स्थितीत, म्हणजे भाडेकरूंसह, मूल्य दिलंत. मालकांना आकडा लहान वाटतो. "बिल्डरशी बोलणी चालली आहेत. वाडा रिकामा धरून काय येतं, तेही खाली लिहा ना." असं मूल्य काढता येतं, त्यात बेकायदा काही नाही. पण ते वस्तुस्थितीच्या विरुद्ध गृहीतकावर उभं असतं. दोन्ही आकडे एकाच रिपोर्टात घातले की झेरॉक्स मोठ्या आकड्याच्याच पानाची निघते. म्हणून वेगळा रिपोर्ट, आणि आकड्याच्या शेजारीच, त्याच ओळीत, "वाडा पूर्ण रिकामा आहे असे गृहीत धरून, पाहणीच्या दिवशी तो रिकामा नव्हता" असं वाक्य. शेवटच्या पानावरच्या बारीक टाइपातल्या अटींवर विसंबू नका, त्या कोणी वाचत नाही. हाच आकडा कर्जासाठी लागणार असं दिसलं तर मी नाहीच म्हणेन.

मिळकत वाढवण्याच्या मागण्या त्या मानाने सोप्या असतात. आउटहाउस, गॅरेज, शेजारचा अर्धा गुंठा. पाहणीच्या दिवशी तुम्ही मोजलं होतं आणि लिहायचं राहिलं, तर ती तुमची दुरुस्ती. दाखवलंच नव्हतं, तर परत साइट व्हिजिट, कागद, मोजमाप, फी. "फोटो पाठवतो, त्यावरून धरा" याला मान डोलावू नका. मंजूर नकाशात नसलेलं बांधकाम असेल तर तसं लिहिलं जाईल हे आधीच सांगून टाका, त्यावर पार्टी स्वतःच म्हणते, "राहू द्या मग."

आणि काही मागण्या तुमच्या पात्रतेबाहेरच्या असतात. भोसरीतल्या एमआयडीसी शेडचं मूल्यांकन झालं की मालक म्हणतात, "आतल्या सीएनसी मशीनही धरा." नोंदणीकृत मूल्यनिर्धारकांच्या व्यवस्थेत जमीन-इमारत हा एक मालमत्ता वर्ग आहे आणि यंत्रसामग्री हा वेगळा. तुमची नोंदणी पहिल्या वर्गाची असेल तर दुसऱ्यावर त्या नात्याने सही करता येत नाही. त्या वर्गाच्या माणसाचं नाव सुचवा. तसंच, सोसायटी विचारते, "रिडेव्हलपमेंटला एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) किती मिळेल तेही लिहा." २०२० च्या एकात्मिकृत विकास नियमावलीत ते रस्त्याच्या रुंदीपासून अनेक गोष्टींवर ठरतं, ते आर्किटेक्टच्या फिजिबिलिटी रिपोर्टचं काम आहे. इमारत मजबूत आहे का, हे स्ट्रक्चरल ऑडिटरने सांगायचं. तिघा भावांत कोणी कोणता मजला घ्यावा, हे तर कोणाच्याच पात्रतेत बसत नाही. ते त्यांचं त्यांनी किंवा वकिलांसमोर ठरवावं. तुम्ही फार तर प्रत्येक मजल्याचं वेगळं मूल्य देऊ शकता, आणि ते नवं काम.

बँकेच्या कामात आधी क्लायंट कोण ते बघा

बँकेच्या पॅनलवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या व्हॅल्युअरांच्या यादीवर, काम करताना फोन कर्जदाराचा येतो. जागा त्याची, पाहणीला चहा त्यानेच दिलेला, फीसुद्धा अनेकदा त्याच्याच खात्यातून गेलेली. म्हणून तो क्लायंट होत नाही. नेमणूक बँकेची असेल तर त्याच्या मागणीवर शब्दही बदलू नका. "तुमच्या शाखेला लिहा, शाखेचा मेल आला की बघतो," हे एकच उत्तर. शाखेने मेलवर विचारलं तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर या.

उलटा प्रकारही होतो. घरच्यांसाठी केलेला रिपोर्ट बँकेत द्यायचा असतो आणि पार्टी म्हणते, नाव तेवढं बदला. बँकेला बाजारमूल्याबरोबर विक्रीयोग्य मूल्य आणि सक्तीच्या विक्रीचं मूल्य लागतं, त्यांचा स्वतःचा नमुना असतो, आणि मुळात त्या आपल्या पॅनलच्या माणसाकडूनच रिपोर्ट घेतात. नाव बदललेला कागद तिथे चालायचा नाही आणि चालला तर जास्त धोक्याचा. पार्टीचे पैसे वाया जायच्या आत हे सांगा.

आकडा वाढवा म्हणतात तेव्हा

ही मागणी रिपोर्ट वाढवण्याच्या वेशात येते. "शेजारच्या बिल्डिंगचा नवा व्यवहार सापडलाय, तोही धरा." व्यवहार खरा असेल, मूल्यांकनाच्या तारखेच्या आधीचा असेल आणि इंडेक्स टू हातात असेल, तर जरूर बघा. त्याने मूल्य बदलत असेल तर बदला, आणि का बदललं ते लिहा. व्यवहार त्या तारखेनंतरचा असेल तर तो या रिपोर्टात येत नाही. ओएलएक्सवरची जाहिरात किंवा एजंटने सांगितलेला भाव हा व्यवहार नव्हे.

कागद काहीच नाही आणि "निदान दोन कोटींच्या वर दाखवा" एवढंच असेल, तर बोलणं लांबवू नका. मूल्यनिर्धारकांच्या आचारसंहितेत क्लायंटच्या सोयीचं मूल्यांकन करायला स्पष्ट मनाई आहे आणि यशावर अवलंबून असलेली फी घ्यायलाही. जादा कामाची फी ठरवताना हे विशेष लक्षात ठेवा: "आकडा वाढला तर तुमचंही बघू," असं कोणी बोललं की त्या पार्टीचं काम तिथेच थांबवायचं.

चौथी पायरी: लिहून कळवा, फी सांगा

आचारसंहितेनुसार लेखी करारात सांगितलेल्या फीखेरीज काही घेता येत नाही. म्हणजे जादा काम आधी करून मग "काय ते द्या" हा आपला लाडका रिवाज इथे बाद. मजकूर साधारण असा ठेवा:

"आपला दि. … चा मेल मिळाला. आमचा अहवाल क्र. … हा … या हेतूसाठी, दि. … रोजीच्या बाजारमूल्यापुरता आहे. आपण मागितलेले दि. १ एप्रिल २००१ चे मूल्य त्या कामात समाविष्ट नव्हते. त्यासाठी त्या काळातील व्यवहार, त्या वर्षीचे शासकीय दर आणि तेव्हाच्या बांधकामाचे पुरावे तपासावे लागतील. हे काम स्वतंत्र अहवाल म्हणून करता येईल. फी रु. … , निम्मी आगाऊ. सोबतच्या यादीतील कागद मिळाल्यापासून … कामाच्या दिवसांत अहवाल देऊ. मूळ अहवाल आहे तसाच लागू राहील. मान्य असल्यास या मेलला तसे उत्तर द्यावे."

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर "अधिक जीएसटी" हे शब्द इथेच घाला, बिलाच्या वेळी नको. मोजमापं आणि मालकीचे कागद आधीच हातात असतात, त्यामुळे फी पहिल्याइतकी लावायचं कारण नाही. सवलत द्या, पण बिलात पूर्ण फी आणि त्यातून वजा सवलत अशी दाखवा. पुढच्या वेळी सवलतीचाच दर मूळ दर समजला जाऊ नये.

पत्र गेलं तरी ओळखीतला फोन येतोच. "अरे, तुझ्या वडिलांना मी चाळीस वर्षं ओळखतो. दोन ओळींचे कसले पैसे घेतोस?" इथे नियम वाचून दाखवू नका. "काका, ओळी लिहायचे पैसे नाहीत. उद्या इन्कम टॅक्समधून प्रश्न आला तर तुमच्या बाजूने उत्तर मला द्यायचंय, ते द्यायला कागद जमवावे लागतात," असं म्हणा. काकांना ‘तुमच्या बाजूने’ आणि ‘इन्कम टॅक्स’ हे दोन्ही शब्द बरोबर ऐकू जातात. अगदीच जवळचं नातं असेल आणि फुकट करायचं असेल तर करा, तुमचा प्रश्न आहे. पण पत्र, रिपोर्ट नंबर आणि कागद मात्र पूर्ण.

पाचवी पायरी: दिलेल्या रिपोर्टाला हात लावू नका

एकदा दिलेलं पीडीएफ त्याच नंबराने, त्याच तारखेने बदलून पुन्हा द्यायचं नाही. त्याच नंबराचे दोन वेगळे रिपोर्ट फिरत आहेत हे वाटणीच्या दाव्यात समोरच्या वकिलाला सापडलं, तर उलटतपासणी तुमच्या मिळकतीची होत नाही, तुमची होते.

छोटी दुरुस्ती असेल तर शुद्धिपत्र द्या, मूळ रिपोर्टचा नंबर लिहून. दुरुस्तीमुळे मूल्यच बदलत असेल तर नवा रिपोर्ट, नवी तारीख, आणि वरच्या बाजूला "हा अहवाल दि. … च्या अहवाल क्र. … ची जागा घेतो, तो मागे घेतला आहे" अशी ओळ. जुन्याची मूळ प्रत परत मागा. ती ज्यांना दिली गेली त्यांची नावं पार्टीकडून लेखी घ्या. नव्या कामाचा रिपोर्ट पूर्णपणे वेगळा; त्यात जुन्याचा उल्लेख एवढ्यापुरता की मोजमापं तिथून घेतली आहेत आणि ती कोणत्या दिवशीची आहेत. मधे बराच काळ गेला असेल किंवा घरात काम काढलं असेल तर पाहणी परत करा. वर्ड फाइल मात्र कोणालाही, कोणत्याही कारणाने पाठवायची नाही.

पुढच्या कामाच्या आधी

यातलं बरंचसं नेमणूक पत्रातच मिटतं. एक पान पुरतं, पण ते पाहणीच्या आधी सही होऊन यायला हवं. मिळकत, हेतू, तारीख, मूल्याचा प्रकार आणि वापरणारा, हे पाच मुद्दे त्यात स्पष्ट लिहा. त्याखाली तीन वाक्यं: अहवालानंतर अमुक दिवसांपर्यंतचे खुलासे आणि आमच्या चुकांच्या दुरुस्त्या विनाशुल्क; वरीलपैकी काहीही बदलल्यास ते स्वतंत्र काम; अहवाल नमूद हेतूखेरीज अन्यत्र वापरू नये. पाहणीच्या दिवशी पार्टीला तोंडी विचारा, "विक्री, कर्ज, कर, मुलाचा व्हिसा, यांतलं आणखी काही डोक्यात आहे का?" २००१ चं मूल्य लागणार हे तेव्हाच कळलं, तर दोन्ही कामं एका फेरीत होतात आणि पार्टीलाही स्वस्त पडतं.

कामाची कागदपत्रं, मोजमापाच्या कच्च्या वहीसह, निदान तीन वर्षं जपून ठेवा. आचारसंहितेची मुदत तेवढी आहे, आणि कोर्टात प्रकरण असेल तर निकाल लागेपर्यंत. नाकारलेल्या मागण्यांचे मेलही त्याच फाइलला लावा. पार्टी तुमचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या व्हॅल्युअरकडे गेली तर जाऊ द्या. तो व्यवसायबंधू म्हणून तुम्हाला फोन करून मोजमापं मागेल. पार्टीची लेखी संमती आल्याशिवाय देऊ नका. आली की लगेच द्या आणि त्याचे पैसे मागू नका.